रंगाआधी आखलेले डोळे

६ एप्रिल. पेण.

मधूचा हात थांबला. ऐकीव नाही. कारखान्यात त्याच्या शेजारी स्टूल टाकून पाऊण तास बसले आणि स्वतः पाहिलं. बुबुळ भरलं, पापणीची रेघ एका दमात ओढली, शेवटी पांढरा ठिपका. गणपती बघायला लागला. रेघ कुठे हलली नाही. दिवाळीत हाच माणूस चहाची बशी अधांतरी धरू शकत नव्हता.

सुनंदाने देवापुढे साखर ठेवली. ठेवू दे. नवरा तिचा, पण भाऊ माझा. कंपवात म्हटल्यावर दोरा कोणी आणला आणि पनवेलला मेंदूच्या डॉक्टरकडे कोणी नेलं, हे इथे लिहून ठेवते, कारण लोक विसरतात. दोरा अजून त्याच्या मनगटावर आहे. श्रेय त्यालाच मिळणार.

मार्चमध्ये हात परत कापायला लागला तेव्हा पिवळी गोळी वाढवून घेतली तीही मीच. फोनवर. "डॉक्टर, सीझन तोंडावर आहे, माणूस आखणी करतो, डोळे काढतो." एकाच्या तीन झाल्या. एवढं सोपं.

तीस वर्षं रोह्याच्या शाळेत दहावीला मेंदू शिकवला. आकृती काढा, पाच भागांना नावं द्या, पाच गुण. आज पहिल्यांदा त्या आकृतीचे आभार मानावेसे वाटले.

१९ एप्रिल. पेण.

निलेश खूश. "आत्या, बाबा दोन माणसांचं काम करतायत. पुण्याचे दुकानदार विचारतात, डोळे मधूकाकांचेच ना?" पस्तिशीचा झाला, अजून बापाच्या डोळ्यांवर दुकान.

तारा मात्र चेहरा पाडून बसलेली. कातकरवाडीवरून वीस वर्षं येतेय, मूर्ती घासायला. पॉलिश पेपर हातातच ठेवून म्हणाली, "बाय, दादा जेवाया उठत नाय."

"काम वाढलंय तारा."

"आन डोला झाला का त्याच्याकडं बगत पन नाय. पयले लांब जायाचे, बगायचे, येकटेच हसायचे. आता येक झाला का दुसरा, दुसरा झाला का..."

मी म्हटलं, सीझन आहे. "व्हय," म्हणाली. हे "व्हय" मला शाळेत ऐकायची सवय आहे. उत्तर चुकलंय हे बाईंना सांगायचं नसलं की मुलं असंच म्हणतात.

३ मे. रोहा.

सुनंदाचा फोन. स्टीलच्या डब्यांच्या झाकणांना आतून डोळे. पंचांगाच्या पाठीवर डोळे. मोरीच्या फरशांवर, एकेका फरशीवर एकेक जोडी. नुसते डोळे. चेहरा नाही, सोंड नाही.

"तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू वन्सं? देवाचेच डोळे काढतात ना? शेजारच्यांचे बघा, पिऊन गटारात पडतात. ह्यांना नाद लागला तो देवाचा लागला."

मला हसू आलं. फोन ठेवून चहा केला, तोही हसतच. हे लिहून ठेवते.

१२ मे. पेण.

निलेशने बोलावून घेतलं म्हणून पहिली एसटी धरली. मागच्या शेडचं कुलूप त्याने स्वतः काढलं आणि दारातच उभा राहिला. आत नाही आला.

आमच्या घरात काम एका क्रमाने होतं. साच्यातून मूर्ती काढायची, वाळवायची, घासायची, पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, पीतांबर, दागिने. डोळे सगळ्यांत शेवटी. बाबांचा दंडक: आखणी झाली की ती माती राहिली नाही. नंतर सोंड तुटली, हात गेला, तरी ती मूर्ती मोडायची नाही. भोगावती नदीवर नेऊन नीट विसर्जन करायचं. एरवी रागाला गेलं की घरात ताटं फेकणारे बाबा, पण डोळे आखलेल्या मूर्तीपुढे आवाज चढवायचे नाहीत.

शेडमध्ये फळ्यांवर खालपासून वरपर्यंत मूर्ती. अंगावर रंगाचा थेंब नाही. पांढऱ्या फटक. आणि प्रत्येकीला पूर्ण डोळे. बुबुळ, पापणी, ठिपका. मी दारातून पाऊल आत टाकलं तर सगळे माझ्याकडे.

सुंदर आहेत, हे कबूल केलं पाहिजे. मधूने आयुष्यात इतके सुंदर काढले नसतील.

निलेशला प्रश्न एवढाच की आता यांच्यावर रंगाचा फवारा कसा मारायचा. डोळ्यांवर चिकटपट्टी लावू म्हणाला. घासणाऱ्या बाया एकदम उठल्या. तारा म्हणाली, "देवाच्या डोल्यावर पट्टी? आमी नाय बांधनार. तुमी बांधा." आणि कुणी आत पाऊल टाकेना.

मधू ओट्यावर बसला होता. बारीक झालाय. बोटांना काळा रंग. माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्या डोळ्यांकडे.

"कच्च्या मूर्तींना का आखलेस रे?"

"राहवलं नाही, ताई."

"एवढं आवडतं?"

विचार करून म्हणाला, "नाय. आवडायचं कधीच बंद झालं. नुसतं हवं असतं."

१३ मे. पेण.

पुन्हा पुन्हा तेच वाक्य. "नुसतं हवं असतं."

मधूच्या औषधांचा डबा रिकामा केला. तळाला पिवळ्या गोळीच्या खोक्यातला कागद. आठ घड्या, मुंगीएवढी अक्षरं, इंग्रजी. तिसऱ्या रकान्यात स्पष्ट लिहिलंय: काही रुग्णांचा आवेगांवरचा ताबा सुटू शकतो. जुगार, खरेदी, खाणं, वासना. त्याच त्या कृती विनाकारण पुन्हा पुन्हा करत राहणं. घरच्यांनी लक्ष ठेवावं.

या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. नवव्या वर्षी मला मावशीकडे मुंबईला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि मधूला नववीतून काढून आखणीला बसवलं, कारण त्याचा हात चांगला होता. दिवाळीत तो कागद माझ्या हातात होता. मी त्याची नीट घडी करून डब्याच्या तळाला घातली, गोळ्या चिकटू नयेत म्हणून.

१६ मे. रोहा.

तीन दिवस वाचतेय. जे कळलं ते माझ्यासाठी मांडते, फळ्यावर मांडल्यासारखं.

डोपामिन म्हणजे सुख, असं मी वर्गात सांगत आले. चूक. ते सुखापेक्षा ओढीचं रसायन. "हे हवं" आणि "हे आवडलं" ही मेंदूतली वेगवेगळी कामं. एरवी हातात हात घालून चालतात म्हणून आपल्याला एकच वाटतात. लाडू हवा असतो, खाल्ला की आवडतो, पुरे वाटतं. कंपवातात हालचालीच्या भागातलं डोपामिन आटतं. पिवळी गोळी डोपामिनची नक्कल करते. हाताला पोहोचते, पण तिथेच थांबत नाही. ओढीच्या भागातलं फारसं आटलेलं नसतं. तिथे नुसता पूर. मग "हवं" एकटंच धावत सुटतं. "आवडलं" मागे राहतं. "पुरे" येतच नाही.

मधूला जे सगळ्यांत जास्त सवयीचं, तिथे ते जाऊन बसलं. दुसरा असता तर पत्ते खेळला असता, आणि घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं असतं. याने देवाचे डोळे काढले. सुनंदाला भक्ती दिसली, निलेशला उरक दिसला, मला विज्ञानाचा विजय दिसला. आजार दिसला तो फक्त ताराला. ती शाळेत गेलेली नाही.

आणखी एक. मधू सहा वर्षांचा असताना अंगठा चोखायचा. मी सुट्टीत घरी आले की सिस्टरची शिस्त घेऊन यायचे. इच्छा असली की सगळं जमतं, मन म्हणजे वर्गातलं पोर, एक छडी पुरते. मी त्याचे दोन्ही हात ओढणीने खुर्चीला बांधून ठेवले होते. एक दुपार. रडला नाही. नुसता बघत होता.

नंतर तीस वर्षं किती पोरांना म्हटलं असेल, "मनावर घेत नाहीस तू." मन म्हणजे काय आणि ते घ्यायचं कशावर, हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

२२ मे. पनवेल, मग पेण.

डॉक्टरांना विचारलं, हे तुम्ही सांगितलं होतं का?

"मॅडम, कागदावर असतं."

"मी कागदाचं नाही, तुमचं विचारतेय."

म्हणाले, "आम्ही जुगाराचं विचारतो, खरेदीचं विचारतो. आखणी करणारा माणूस जास्त आखणी करतो, ही तक्रार म्हणून कोण सांगणार?"

तोंडावर आलं होतं की विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण विचारलं असतं तर फोनवर उत्तर मीच दिलं असतं, आणि काय दिलं असतं ते मला माहीत आहे. गिळलं.

पिवळी गोळी उतरवायची. एकदम नाही, दोन महिन्यांत. दुसरी, मोठी गोळी चालू राहील, पण हात कापणार. मन खचेल, घाम, भीती, रडू. "गोळ्या त्यांच्या हातात देऊ नका. मागतील. खोटंही बोलतील. ते वाईट आहेत म्हणून नाही." मग मधूचा हात मांडीवर सैल ठेवायला लावून मला दाखवलं. "इथे कापतो. काही धरायला गेले की कमी होतो. ही या आजाराची खूण."

"मग आखणी का बिघडते?" मी.

उत्तर मधूने दिलं. "ब्रश टेकायच्या आधी क्षणभर अधांतरी थांबावं लागतं. तिथेच परत सुरू होतो."

परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "ताई, हात जाणार असेल तर मग मी कोण उरणार?"

मी त्याच्या औषधांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

८ जून. रोहा.

मधूला रोह्याला लागून वरशाला माझ्या फ्लॅटवर आणलं. निलेश तोंडावर बोलला, "आत्या, चतुर्थी ऑगस्टच्या शेवटी. आत्ताच न्यायचे होते का?" सुनंदा रडली, पण पिशवी तिने भरली.

गोळ्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. साठी उलटल्यावर कमरेला जुडगा. सिस्टर खूश झाल्या असत्या. पेन, पेन्सिल, खडू, सगळं कुलपात. ही वही पण.

डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, तीन गोळ्यांची, पेणला ड्रॉवरमध्येच राहिली. आणली पाहिजे.

१९ जून.

हात कापायला लागला. मांडीवर ठेवला की नाणं चोळल्यासारखी बोटं. मधू त्याच्याकडे असा बघतो जसं कुणी नको असलेलं पोर मांडीवर आणून ठेवलंय.

सकाळी रडला. कारण नाही. "रडायला काय झालं?" म्हणून ओरडणार होते, जीभ चावली. रसायन उतरतंय. मला नाव माहीत आहे म्हणून ते त्याला कमी दुखत नाही.

पेन्सिल नाही तर पोह्यांच्या ताटलीत बोटाने. दोन डोळे. मी ताटली उचलली, धुतली. पाणी ओतताना उगाच मान वळवली.

२७ जून.

"ताई, तुझी डावी पापणी उतरलीय."

"वय झालं."

"उजवी नाय उतरली."

आरशात पाहिलं. खरंच. बारीक, पण आहे. मला कधी दिसली नव्हती. दिवसभर तो बोलतो कमी, बघतो जास्त. भाजी निवडताना मान वर केली तर तिथे नजर. तीच, खुर्चीला बांधलं होतं तेव्हाची. मी बोलत राहते, बडबड चालू ठेवते, म्हणजे त्याला ओठांकडे बघावं लागेल. तो ओठांकडे बघत नाही.

५ जुलै.

ताराने फोन केला, शेजारणीच्या मोबाइलवरून. दादा कसे हायत. बरे आहेत म्हटलं. शेडमधल्या पांढऱ्या मूर्तींचं काय केलं, विचारलं. "कापड टाकलंय वरून. निलेशदादा बोलतो, दादा आले का करू." मग म्हणाली, "बाय, तिकडं पाठ करून आमी कोन बसत नाय."

मी अंधश्रद्धा मानत नाही. पण त्या शेडमध्ये मी तरी पाठ करून बसले असते का, हे स्वतःला विचारलं. उत्तर इथे लिहीत नाही.

१६ जुलै.

चांगला दिवस. म्हणून तारीख गडद केलीय.

मधूने दोन भाकऱ्या खाल्ल्या. कोलाडच्या एका लग्नात बाबांनी पंक्तीतून उठून भांडण केलं होतं, ती गोष्ट पूर्ण सांगितली आणि शेवटी हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. हात कापत होता, हसण्याने जास्तच. म्हणाला, "बघ, हा पण हसतोय."

म्हणजे माणूस परत येतोय. हात देऊन येतोय. सौदा वाईट नाही, असं मला वाटतं. त्याला विचारलेलं नाही.

२५ जुलै.

पिवळी गोळी आज संपली. शेवटची अर्धी मी त्याच्यासमोर मोरीत टाकली. नाटक हवंच होतं मला.

संध्याकाळी निलेश. नागोठण्याला पाणी भरलंय, एसटी बंद, तरी हा पोयनाड-रेवदंड्याकडून वळसा घालून मोटरसायकलवर आला. बापासाठी आईने दिलेला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. भिजून चिंब.

"आत्या, फक्त चतुर्थीपर्यंत. एक महिना. मग तुम्ही म्हणाल ते."

"तुझा बाप आहे की साचा?"

"बाबांना विचारा ना एकदा! तुम्ही कुणी त्यांना विचारलंयत? तिथे पुढच्या शेडमध्ये रंगवलेले दोनशे गणपती आंधळे उभे आहेत, आणि हे इथे वाटाणे सोलतायत."

मी त्याला जा म्हटलं. जाण्याआधी टॉवेल द्यायला मी आत गेले. दोन मिनिटं. जास्तीत जास्त तीन.

पोरगं वाईट नाही. हे लिहिताना डॉक्टरांचं ते वाक्य, "खोटंही बोलतील, ते वाईट आहेत म्हणून नाही," आठवलं आणि पेन थांबलं.

२ ऑगस्ट.

मधू शांत. फार शांत. रडणं थांबलं. वेळेवर उठतो, अंघोळ, पेपर. मी बाजारातून आले तर केर काढून ठेवलेला.

"बरं वाटतंय?"

"हो गं ताई. हात तेवढा," आणि हात वर करून दाखवला. कापत होता.

वड्या एकटाच खातो. डबा उशाशी. मला एकदाही "घे" म्हटलं नाही. लहानपणी अर्धी लिमलेट तोडून द्यायचा.

९ ऑगस्ट.

पेणची ती जुनी चिठ्ठी. आज सुनंदाला फोन करून विचारलं. "ड्रॉवरमध्ये नाही वन्सं. निलेशने नेली असेल कुठे." आणि लगेच, "भाजी जळतेय," म्हणून फोन ठेवला. दुपारचे चार वाजले होते.

११ ऑगस्ट.

आत्ता सकाळचे दहा. जसं झालं तसं लिहिते.

चहा दिला. मधूने कप उचलला आणि हात कापायला लागला. बशीत चहा सांडला, लेंग्यावर सांडला. "बघ, काय करायचं या हाताला," म्हणाला. मी फडकं आणलं. त्याने कप खाली ठेवला, हात मांडीवर ठेवला.

आणि हात थांबला.

मांडीवर, सैल, उताणा. दगडासारखा. नाणं चोळणारी बोटं नाहीत, काही नाही. मी चहा पुसत राहिले, मान खाली, आणि पाहत राहिले. मांडीवर कापतो, धरताना कमी होतो. त्याने उलटं केलं होतं. दिवसात शंभर वेळा पाहिलेली स्वतःची थरथर, पण तिची नक्कल करताना चुकला. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

म्हणजे २५ जुलैपासून पिवळी गोळी परत चालू. वड्यांचा डबा धुवायला मागितला तर "राहू दे" म्हणाला. आग्रह केला नाही मी. मी! पोरांच्या कंपासपेट्या उघडून चिठ्ठ्या काढणारी बाई.

कपाट उघडलं. किल्ली कमरेलाच होती. ही वही जिथे ठेवते तिथेच होती. आजचं पान काढलं.

पानावर डोळे होते.

पेन्सिलचे. पेन्सिल त्याच्याकडे नाही, किल्लीला त्याचा हात पोहोचत नाही, असं मी समजत होते. गणपतीचे नाहीत. माणसाचे. बाईचे. डावी पापणी जराशी उतरलेली. प्रत्येक सुरकुती आहे, आणि सुरकुतीत राग आहे, आणि रागाच्या मागे भीती, जी मी कुणाला दाखवलेली नाही. इतकं चांगलं त्याने कधी काही काढलं नाही. पापणीची रेघ एका दमात. केसाएवढी बारीक. कुठेही हललेली नाही.

पान फाडायला हात घातला आणि काढून घेतला. मेंदूचं सगळं वाचून झालंय माझं, कुठलं रसायन कुठे जातं ते पाठ आहे. तरी नाही फाडता येत. डोळे आखले की मोडायचं नाही.

म्हणून त्यांच्या खाली लिहितेय. ते वर आहेत. वाचतायत.

डॉक्टरांना फोन करायचा. निलेशला करायचा. की आधी मधूसमोर बसायचं आणि त्याला काय हवंय ते विचारायचं, जे आजवर कुणीच विचारलं नाही? आणि त्याने "हवं" म्हटलं, तर ते कोण म्हणालं हे मी कशावरून ओळखू?

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. फडताळ उघडलं. कप विसळल्याचा आवाज. सावकाश, नीट. एकही भांडं दुसऱ्याला लागलं नाही.

"ताई," म्हणतोय, "लिहून झालं का तुझं?"